पिवळी सोडून हिरवी

लॉर्न फ्रीझनने आयुष्यात एकच गोष्ट लपूनछपून केली, आणि तीही चौसष्टाव्या वर्षी. बाई नाही, दारू नाही, पत्ते नाहीत. त्याने बर्फगाडी बदलली. पिवळी टॉलमन विकली, हिरवी केडर घेतली, कर्टिसच्या दुकानातून ती ताडपत्रीखाली झाकून घरी आणली आणि गॅरेजचं दार आतून लावून घेतलं.

यात हसण्यासारखं काही वाटत असेल तर हार्लो क्रीकमध्ये एक हिवाळा काढून बघावा. सहा महिने बर्फ. लाकडाची एक मिल, दोन चर्च आणि गाड्यांची दोन दुकानं, एक पिवळ्यांचं, एक हिरव्यांचं. पिवळेवाले पिवळी टोपी घालून लग्नाला जातात आणि हिरवेवाले हिरवी घालून मयताला. इथे लोक चर्च बदलतात, नवरे बदलतात, पक्ष तर दर निवडणुकीला बदलतात, आणि कुणी हूं की चूं करत नाही. पण गाडी बदलली की पोस्टातली बाईसुद्धा मान वाकडी करून बघते. लॉर्नच्या बापाची गाडी पिवळी होती. लॉर्न स्वतः अडतीस वर्षं पिवळीवर होता, आणि त्यातली चौतीस वर्षं, दर मंगळवारी, मर्व्ह स्टासिउकच्या पाठोपाठ.

मर्व्ह म्हणजे सहा फूट दोन इंच उंची, मिलच्या भोंग्यासारखा आवाज, आणि डोक्यात एकदा शिरलेली गोष्ट बाहेर काढायला पहार लागेल असा माणूस. दोघं मिलमध्ये एकाच करवतीवर होते आणि त्यांची सुट्टी मंगळवारी असायची. निवृत्त झाल्यावर सातही वार सुट्टीचे झाले, तरी डोंगरावर जायचं ते मंगळवारीच. एकट्याने वर जायचं नाही, हा इथला नियम कुणी कुठे लिहिलेला नाही, पण मोडतही कुणी नाही. उतारावरचा बर्फ सुटून माणूस गाडला गेला तर त्याला उकरून काढणारं कुणी हवं, आणि तेही दहा-पंधरा मिनिटांत. बर्फगाडीवाल्यांच्या क्लबातल्या तरुणांनी लॉर्नला नाही म्हटलं नसतं, पण ते वर पोचून अर्धा तास वाट बघत बसणार आणि तोंडावर काही बोलणार नाहीत, हे त्याला सहन झालं नसतं. थोडक्यात, मर्व्ह नाही तर डोंगर नाही. मर्व्हचंही तेच होतं.

तर मग इतकं सगळं असताना गाडी का बदलली? उजव्या खांद्यापायी.

टॉलमनची डोंगरी गाडी दोरी ओढून सुरू करावी लागते. तिला बटण मिळतच नाही. बटण आलं की बॅटरी आली, बॅटरी आली की वजन वाढलं, असं कंपनी म्हणते आणि पिवळेवाले ते छाती फुगवून सांगतात. डिसेंबरात एका मंगळवारी डोंगरावरच्या क्लबच्या केबिनबाहेर लॉर्नने अकरा वेळा दोरी ओढली. अकराव्या वेळी गाडी सुरू झाली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मर्व्ह पुढच्या वळणावर वाट बघत थांबला होता, म्हणून बरं. डॉक्टर म्हणाला, आत काहीतरी फाटलंय, ऑपरेशनसाठी वर्षभराची रांग आहे आणि नंतर सहा महिने हात गळ्यात. म्हणजे दोन हिवाळे गेले.

"मर्व्हला सांगून टाक," त्याची बायको डोरीन म्हणाली.

"काय सांगू? दोरी ओढता येत नाही म्हणून?"

"हो. त्यात काय एवढं?"

"त्यात काय! अगं, कर्टिसच्या बापाला तो चारचौघांत काय म्हणाला होता, विसरलीस? दोरी ओढवत नसेल तर घरी बसून लोकर विणा, म्हणाला. म्हातारा पुन्हा क्लबात फिरकला नाही."

"मग बटणाची घे आणि गप बस. माझं डोकं नको खाऊ."

म्हणून तो कर्टिसकडे गेला. कर्टिसने एक अक्षर विचारलं नाही. किल्ली फिरवली, लॉर्नचा अंगठा धरून बटणावर ठेवला. दाबलं आणि गाडी सुरू. एवढंच. लॉर्नला अचानक रडू येईलसं वाटलं, म्हणून तो उगाच वाकून गाडीखालचा पट्टा तपासायला लागला.

एकच गोष्ट बसेना. पिवळीच्या सायलेन्सरवर ॲल्युमिनियमचा एक डबा होता. तीस वर्षांपूर्वी मर्व्हने मिलच्या वर्कशॉपमध्ये स्वतः जोडून दिलेला, लॉर्नने प्रत्येक नव्या टॉलमनवर चढवलेला. सकाळी त्यात फॉइलमध्ये गुंडाळून सॉसेज आणि बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पेरोगी ठेवायच्या, की केबिनपर्यंत जेवण वाफाळतं. केडरचा सायलेन्सर भलतीकडेच होता. लॉर्नने डबा उलटा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, शेवटी गॅरेजच्या फळीवर ठेवून दिला. ठेवताना त्याला कसंतरीच झालं.

मंगळवारी सकाळी तो मर्व्हच्या अंगणात पोचला. वाट मर्व्हच्या घरामागूनच सुरू होते, त्यामुळे निघायचं तिथूनच. मर्व्हची पिवळी नेहमीप्रमाणे आधीच सुरू होती आणि धूर काढत उभी होती. या हिवाळ्यात तो दर वेळी गाडी गरम करून ठेवायचा. लॉर्नने पिकअपवरची ताडपत्री काढली.

मर्व्ह कॉफीचा मग हातात घेऊन आला. हिरवीभोवती एकदा फिरला. मग उलट्या दिशेने एकदा फिरला.

"कुणाची?"

"माझी."

"तुझी कुठाय?"

"विकली."

"बरा आहेस ना रे? डोरीनला फोन लावू का?"

"कर्टिसने भाव चांगला दिला," लॉर्न म्हणाला. हे वाक्य त्याने येताना गाडीत चार वेळा म्हणून पाहिलं होतं.

"भाव! उद्या कुणी चांगला भाव दिला तर डोरीनला विकशील?"

"विचारून बघतो तिला."

एरवी यावर मर्व्ह खिडक्या हलेपर्यंत हसला असता. आज हसला नाही. उरलेली कॉफी त्याने बर्फात ओतली, रिकामा मग खिडकीत ठेवला आणि वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. निघण्यापूर्वी एकाने उभं राहायचं आणि दुसऱ्याने त्याच्यासमोरून गाडी काढायची, म्हणजे छातीवरचं बीकन चालू आहे की नाही ते कळतं. माणूस गाडला गेला तर त्या बीकनच्या आवाजावरच शोधायचा असतो.

"वाजतंय," मर्व्ह म्हणाला. "हिरव्याचंसुद्धा वाजतं म्हणजे कमाल आहे."

वर जाताना खिंडीत थांबायचं. ही त्या दोघांची नाही, सगळ्यांचीच रीत. खिंडीत गाड्या बंद करायच्या आणि दोन मिनिटं कान देऊन ऐकायचं. पुढच्या उतारावर बर्फ खाली बसत असेल तर धप्प असा आवाज येतो, जाड गादीवर कुणी बसावं तसा. तो ऐकू आला तर मागे फिरायचं. आजवर दोनदा ते दोघं तसे मागे फिरले होते, आणि त्यातल्या एकदा तासाभराने तो आख्खा उतार खाली गेला होता.

लॉर्नने बटण दाबून गाडी बंद केली. मर्व्हची चालूच.

"बंद कर की."

"कॉइल दगा देते. थंडीत बंद केली की रुसते," मर्व्ह म्हणाला. ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून त्याचं हेच पालुपद होतं.

"मग बदल ना कॉइल! चार महिने झाले."

"बदलीन. तुझी बंद आहे ना? तू ऐक दोघांसाठी."

त्या फटफटीत लॉर्नला डोंबल ऐकू येणार होतं. तो चिडला, पण आजच्या दिवशी चिडायचा हक्क आपल्याला नाही असं त्याला वाटलं, म्हणून उगाच कान देऊन बसला.

पुढचं सांगायला नको, पण सांगतो. पिवळी उतारावर आडवी न्यायची म्हणजे सगळं अंग टाकून तिला एका बाजूला खेचावं लागायचं, हट्टी बैलाला वळवावं तसं. अडतीस वर्षं लॉर्नच्या अंगात ते भिनलेलं. हिरवी नुसत्या इशाऱ्याने कलायची. पहिल्याच उतारावर लॉर्नने सवयीने अंग टाकलं, गाडी त्याच्याहून उत्साहाने कलली आणि दोघं लोळत लोळत एका फरच्या झाडाखाली जाऊन पडले. लॉर्न गळ्यापर्यंत बर्फात.

मर्व्ह वरून आला. आता मात्र तो हसत होता.

"पोहायला शिकवतात का रे हिरव्या घेणाऱ्यांना? फुकट?"

"हात दे."

"कर्टिसला बोलाव. भाव चांगला देतो तो."

चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं. कुणी अडकलं की दुसरा आधी उतरायचा, शिव्या नंतर. मर्व्ह तर असा, की एका झटक्यात गाडी उचलून सरळ करायचा. आज तो आपल्या गुरगुरणाऱ्या पिवळीवरून उतरलासुद्धा नाही. लॉर्न एकटाच अर्धा तास डाव्या हाताने फावडं मारत राहिला. ते त्याला फार लागलं. थट्टा चालते, पण असं बसून बघणं?

आणि संध्याकाळी अंगणात परत आल्यावर उरलीसुरली अब्रूही गेली. पिवळीवर डाव्या अंगठ्याखाली हँडलच्या मुठी गरम करायचं बटण असतं. हिरवीवर नेमकं त्याच जागी मागे जायचं बटण. लॉर्नने मुठींची ऊब बंद करायची म्हणून ते दाबलं, मग गाडी पुढे घ्यायला थ्रॉटल दिला, आणि हिरवी सरळ मागे जाऊन मर्व्हच्या पिकअपवर आदळली. मागचा दिवा फुटला. स्वयंपाकघराच्या खिडकीत मर्व्हची बायको बार्बरा तोंडावर हात धरून उभी होती. ती हसत होती की हळहळत होती, ते कळायला मार्ग नव्हता.

मर्व्हने काचेचे तुकडे बुटाने एका जागी केले.

"पुढच्या मंगळवारी मला जमणार नाही," तो म्हणाला. "दाताच्या डॉक्टरकडे जायचंय."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"दात बरेच आहेत मला."

दोन मंगळवार गेले. पहिल्या मंगळवारी लॉर्नने गॅरेज झाडलं. दुसऱ्या मंगळवारी पुन्हा झाडलं. मर्व्हच्या पिकअपसाठी दिवा आणून ठेवला होता, तो तसाच खोक्यात पडून होता. खिडकीतून डोंगर दिसायचा, वर रात्रीचा नवा बर्फ, ऊन असं लख्ख, आणि हा इथे केरसुणी घेऊन. त्याला मर्व्हचा राग येत होता, आणि मर्व्हची आठवणही येत होती, आणि दोन्ही एकाच वेळी येत असल्यामुळे जेवण जात नव्हतं.

"खांद्याचं सांग त्याला," डोरीन म्हणाली.

"आता तर मुळीच नाही. बर्फात बसून बघत होता माझ्याकडे."

"दोघंही गाढव आहात," डोरीन म्हणाली आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

पण क्लबात एक फळा आहे. केबिनच्या छपरावरचा बर्फ कुणी कोणत्या महिन्यात उतरवायचा, ते त्यावर लिहिलेलं असतं. इतर महिन्यांची नावं खडूने लिहितात आणि पुसतात. फेब्रुवारीपुढे मात्र ऑइलपेंटने 'फ्रीझन-स्टासिउक' लिहिलंय, गेली बावीस वर्षं. छपरावर चार फूट बर्फ चढला होता. तो दुसऱ्या कुणी उतरवला असता तर दोघांनाही गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

रविवारी फोन वाजला.

"छपराचं काय?" मर्व्हचा आवाज.

"मंगळवारी?"

"मंगळवारी."

आणि फोन ठेवला.

अंगणात पिवळी आधीच सुरू होती. बीकन वाजलं, मर्व्हने नुसती मान हलवली. खिंडीत लॉर्नने बंद केली, मर्व्हने नाही. लॉर्न आता हिरवीला ओळखायला लागला होता. अंग न टाकता नुसता गुडघा कलवायचा, की ती वळते. ते त्याला कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण सांगायचं कुणाला?

केबिनशी पोचल्यावर मर्व्हने पिवळी भिंतीलगत उभी केली, तशीच चालू, आणि शिडी लावून वर चढला. लॉर्नने मुद्दाम छपराची पलीकडची बाजू घेतली. आपण फावडं डाव्या हाताने चालवतोय हे मर्व्हला दिसायला नको, म्हणून पाठ करून उभा राहिला. मर्व्हही त्याच्याकडे पाठ करूनच उभा होता. पाऊण तास नुसता फावड्यांचा खर्र खर्र आवाज आणि खाली पिवळीची गुरगुर. धूर भिंतीवरून चढून छपरावर यायचा. लॉर्नला खोकला यायला लागला.

पाणी प्यायला म्हणून तो खाली उतरला. पिवळीजवळून जाताना त्याचा हात आपोआप पुढे झाला. अडतीस वर्षं तो असल्याच गाडीचं, इंजिन बंद करायचं लाल बटण दाबत आला होता. त्याने ते दाबलं.

एकदम शांत झालं. इतकं, की झाडावरून बर्फ घरंगळला तो ऐकू आला.

"लॉर्न." मर्व्ह छपराच्या कडेला उभा होता. त्याचा चेहरा टोपीच्या आत पार उतरला होता. "काय केलंस हे?"

"बंद केली. धूर होतोय. आणि पेट्रोल काय आभाळातून पडतं?"

वाटलं, आता भोंगा वाजणार. वाजला नाही. मर्व्ह शिडीवरून एकेक पायरी सावकाश उतरला, पिवळीपाशी आला, तिच्याकडे बघत उभा राहिला, आणि म्हणाला, "आधी जेवून घेऊ."

जेवायला बसले. मर्व्हच्या डब्यातल्या पेरोगी इतका वेळ सायलेन्सरवर राहून वाळल्या होत्या, सॉसेज काळे पडले होते. लॉर्नचं सँडविच गारठून दगड. मर्व्हने निम्मे सॉसेज त्याच्यापुढे सरकवले. मग तो खात राहिला, फार हळू. एक कॉफी झाली, दुसरी झाली. शेगडीत लाकूड घातलं, पुन्हा उघडून पाहिलं, आणखी एक घातलं. मर्व्ह स्टासिउक कधीच असा बसणारा माणूस नव्हता. जेवणाचा शेवटचा घास तो उभ्याने खायचा.

"तीन वाजत आले," लॉर्न म्हणाला. "निघू या."

"तू हो पुढे."

लॉर्नला नीट ऐकू आलं होतं, तरी तो म्हणाला, "काय?"

"तू हो पुढे, म्हटलं. मी येतो मागून. थोडी लाकडं रचतो."

या डोंगरावर हे वाक्य कुणी बोलत नाही. भांडणात नाही, दारू प्यायल्यावर नाही. हिरव्या-पिवळ्याचा सगळा राग त्या एका वाक्यात कुठल्या कुठे गेला.

"मर्व्ह, बाहेर चल."

"अरे, तू जा ना बाबा..."

"बाहेर चल, आणि माझ्यासमोर दोरी ओढ."

मर्व्ह बाहेर आला. हातमोजे काढले, पुन्हा घातले. उजव्या हाताने मूठ धरली आणि ओढली. दोरी वीतभर आली. मर्व्हचे ओठ पांढरे पडले आणि हात कोपरापासून नुसता लोंबायला लागला. मग त्याने डाव्या हाताने ओढली. निम्मी आली, इंजिन एकदा खोकलं आणि थांबलं.

तो चेहरा लॉर्नच्या ओळखीचा होता. डिसेंबरात याच जागी, याच दाराच्या काचेत त्याने तो पाहिला होता. फक्त तेव्हा टोपी वेगळी होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

मर्व्ह पिवळीच्या सीटवर बसला. "थँक्सगिव्हिंगपासून. लाकडं फोडत होतो. खांद्यात कुणीतरी सुरी घातल्यासारखं झालं."

"मग घरी सुरू कशी करतोस?"

मर्व्हने सीटवरचा बर्फ हाताने झटकला.

"बार्बरा ओढते," तो म्हणाला.

"बार्बरा?"

"तिचा खांदा चांगलाय. तू यायच्या आधी गॅरेजात ओढून देते. शपथ घातलीय तिला, कुणाला सांगायचं नाही म्हणून. आणि घरी जाईपर्यंत मी बंदच करत नाही. कॉइल ठणठणीत आहे."

लॉर्नने मोठ्याने हसायला तोंड उघडलं, आणि हसू निम्म्यावर आलं तोच त्याच्या लक्षात आलं, त्या दिवशी फरच्या झाडाखाली मर्व्ह उतरला का नाही ते. उतरून करणार काय होता? हात देता येत नव्हता, म्हणून थट्टा दिली होती.

"माझाही गेलाय," लॉर्न म्हणाला.

"काय गेलाय?"

"खांदा. उजवाच. डिसेंबरात. ऑपरेशनला वर्षाची रांग."

मर्व्हने मान वर केली. "आणि कर्टिसने भाव चांगला दिला ते?"

"कसला भाव? लुटलं मला त्याने."

"अरे, मग सांगायचं नाही का? मी काय खाल्लं असतं तुला?"

"लोकर विणायला सांगितली असतीस."

मर्व्हने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "हो," तो म्हणाला. "सांगितली असती." मग खाली बघूनच बोलला. "खरं सांगू का, लॉर्न? तू हिरवी आणलीस ना, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, सुटलो. आता याच्याशी भांडतो. गावाला सांगता येईल, त्याने रंग बदलला म्हणून मी जात नाही. जाता येत नाही म्हणून जात नाही, असं म्हणायची वेळ येणार नाही. आज छपराचं केलं की संपलं, असं बार्बराला सांगून आलोय."

"संपलं?" लॉर्नचा आवाज चढला. "आणि मी रे? मी कुणाबरोबर येणार होतो? दोन मंगळवार गॅरेज झाडतोय मी वेड्यासारखा! चौतीस वर्षं, मर्व्ह, आणि तू परस्पर संपवून टाकतोस?"

"ओरडू नको."

"ओरडणार! तू जन्मभर ओरडलास, आज मी ओरडणार!"

त्याचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला. दोघंही जरा दचकले. मग मर्व्ह म्हणाला, "झालं? आता ही सुरू कशी करायची ते सांग. पाय गारठले माझे."

दोरीच्या मुठीत दोन डावे हात मावत नव्हते. लॉर्नने हिरवीवरून ओढायचा पट्टा आणला आणि मुठीला गाठ मारून बांधला. मर्व्हने एक पाय गाडीच्या पायरीवर रोवला. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले, चार हातांपैकी दोन कामाचे.

"तीन म्हटल्यावर," मर्व्ह म्हणाला.

"तीनवर की तीननंतर?"

"तू काय आज पहिल्यांदा ओढतोयस? तीनवर!"

पहिल्या वेळी एकाने तीनवर ओढलं, दुसऱ्याने तीननंतर. दुसऱ्या वेळी इंजिन खोकलं. तिसऱ्या वेळी ते गर्जून उठलं आणि दोघं म्हातारे पाठीवर बर्फात पडले. पडल्या पडल्या मर्व्ह हसायला लागला, तो जुना, खिडक्या हलवणारा आवाज. लॉर्न त्याच्या शेजारी पडून आभाळाकडे बघत होता. खांदा ठणकत होता आणि त्याला फार बरं वाटत होतं.

उठल्यावर मर्व्ह हिरवीपाशी गेला, इकडेतिकडे पाहिलं आणि अंगठ्याने बटण दाबलं. सुरू झाली. त्याने बंद केली. पुन्हा दाबलं. पुन्हा सुरू झाली. असं त्याने चार वेळा केलं.

"बॅटरी उतरेल," लॉर्न म्हणाला.

"उतरू दे," मर्व्ह म्हणाला, पण त्याने बोट काढलं.

उतरताना लॉर्न पुढे होता. खिंडीत पोचून त्याने गाडी बंद केली आणि मागच्या गुरगुरीची वाट बघत बसला. पिवळी वळणावरून आली, त्याच्या शेजारी येऊन थांबली. आता हा म्हणणार, तू ऐक दोघांसाठी. लॉर्नने मान वळवली. मर्व्हचा अंगठा लाल बटणावर होता. त्याने ते दाबलं.

या हिवाळ्यात पहिल्यांदाच खिंडीत आवाज उरला नाही. ऊन कड्याच्या टोकावर गेलं होतं. दोघं कान देऊन बसले. वारा नव्हता, धप्प नव्हतं, काहीच नव्हतं. बर्फ जागच्या जागी होता. दोन मिनिटं झाली, मग तिसरंही झालं असावं.

"हिरवा सोडून दुसरा रंग मिळतो का रे कर्टिसकडे?" मर्व्हने समोर बघतच विचारलं.

"काळी आहे एक. कडेला हिरवी पट्टी."

"पट्टी खरवडता येईल. आणि तुझ्या हिरवीचा सायलेन्सर कुठाय? दाखव मला उद्या. नवा डबा जोडून देतो तुला. एका हाताने वेळ लागेल, पण देतो."

लॉर्नने नुसती मान हलवली. मर्व्ह उतरला, लॉर्नच्या सीटमागचा पट्टा सोडवून घेतला आणि पिवळीच्या मुठीला बांधायला लागला.

"ये इकडे," तो म्हणाला. "आणि तीनवर ओढ, तीननंतर नाही."